पाण्याखालचा पहिला धडा

शिक्षणपद्धतीचा विचार करू लागले म्हणजे आपली दृष्टी सहजच वर्गाच्या चार भिंतींकडे वळते. फळा, खडू, पुस्तक आणि शिक्षकाची वाणी ही आपली साधने. व त्यांतही वाणी हे मुख्य. परंतु ज्या वर्गात शिक्षकास तोंडातून एक अक्षर काढता येत नाही, ज्या वर्गात विद्यार्थ्यास आपण कोठे उभे आहोत हेच उमगत नाही, आणि ज्या वर्गात एका क्षुल्लक चुकीची किंमत प्राणाने द्यावी लागण्याचा संभव आहे, अशा वर्गात धडा कसा द्यावा? हा प्रश्न काल्पनिक नव्हे. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या पोटात उतरण्याची जी विद्या आज स्कूबा या नावाने सर्वत्र परिचित झाली आहे, तिच्या प्राथमिक शिक्षणाचा हा प्रश्न आहे.

या विषयास शाळेच्या वार्षिकात स्थान कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की, मालवण व तारकर्ली, गोव्याचा किनारा, मुरुडेश्वरासमोरील नेत्राणी बेट आणि अंदमान येथे सुटीत जाऊन पाण्यात उतरणाऱ्यांत आमचे माजी विद्यार्थी आता पुष्कळ असतात. व जे अद्याप शाळेत आहेत तेही उद्या जातील. प्रस्तुत लेखक काही समुद्रविद्येचा पंडित नव्हे. दोन वर्षांपूर्वी त्याने नवशिक्यांचा अभ्यासक्रम विद्यार्थी या नात्याने पुरा केला, एवढाच त्याचा अधिकार. परंतु वीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला मनुष्य विद्यार्थ्याच्या बाकावर बसला म्हणजे शिकविण्याची रीत त्यास अधिक बारकाईने दिसते. आणि जे दिसले त्यावरून बनलेले मत सहशिक्षकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो हा आरमारी अधिकारी व एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी मिळून असे यंत्र तयार केले की, पाणबुड्याने श्वास ओढताच भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्यास आपोआप मिळावी. यंत्र बाजारात आले आणि हौशी लोक पाण्यात उतरू लागले. परंतु त्यांस शिकवावे कोणी व कसे, हे ठरले नव्हते. ब्रिटनमध्ये १९५३ साली ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब स्थापन झाला. अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्याने १९५४-५५ च्या सुमारास नागरी शिक्षक तयार करण्यास आरंभ केला. १९५९ साली तेथील वाय. एम. सी. ए. ने देशव्यापी अभ्यासक्रम सुरू केला व तो २००८ पर्यंत चालविला. तरुणांच्या शरीरशिक्षणाची जी परंपरा या संस्थेने आपल्याकडेही रुजविली, तिचीच ही एक पाण्यातील शाखा होय. पुढे १९६६ साली पाडी ही संस्था निघाली व तिचा अभ्यासक्रम जगभर पसरला.

आरंभीच्या शिक्षणावर आरमारी शिस्तीची छाप होती. शिक्षकाने मागून येऊन विद्यार्थ्याचा मास्क ओढून काढावा, त्याच्या हवेची तोटी अचानक बंद करावी, आणि तो डगमगला नाही तरच त्यास उत्तीर्ण म्हणावे, असे प्रकार त्या काळी शिक्षण म्हणून चालत. उलटपक्षी आज हौशी प्रवाशांच्या गर्दीत दुसरे टोक दृष्टीस पडते: दहा मिनिटांत चार खुणा सांगाव्या, नळकांडे बांधावे व पाण्यात उतरवावे. पहिल्या पद्धतीत भीतीलाच गुरू केले होते. दुसरीत गुरूच नाहीसा झाला आहे. माझ्या मते या दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत, व चुकीचे मूळ एकच आहे: नवशिक्याच्या मनात व शरीरात काय घडत असते याचा विचार दोहोंतही नाही.

तर तेथे काय घडत असते? पाण्याखाली जगण्याचे नियम मनुष्याच्या उपजत प्रवृत्तीच्या नेमके उलट आहेत. नाकातोंडाशी पाणी आले म्हणजे आपण श्वास रोखतो. ही प्रवृत्ती आजवर आपला जीव वाचवीत आली आहे. परंतु दाबाखालील हवा घेणाऱ्यास श्वास रोखणे हेच सर्वांत घातक. बॉइलचा नियम आपण आठवी-नववीत शिकवितो. समुद्राच्या पृष्ठभागी एक वातावरण दाब असतो व खाली दर १० मीटरांस आणखी एक वातावरण वाढतो. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट, २० मीटरांवर तिप्पट, ३० मीटरांवर चौपट. १० मीटरांवर छाती भरून घेतलेली हवा तशीच कोंडून कोणी वर आला, तर ती पृष्ठभागी दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसे काही फुगे नव्हेत. विशेष हे की, दाबातील हा फरक प्रमाणाने सर्वांत मोठा उथळ पाण्यातच असतो. अवघ्या दीड मीटर खोलीवरून कोंडलेल्या श्वासाने वर येणाऱ्याच्या फुप्फुसांसही इजा होऊ शकते. ‘येथे तर कंबरभर पाणी आहे, येथे काय व्हायचे?’ असे म्हणणारा शिक्षक म्हणूनच अज्ञानी समजावा.

कानांचेही तसेच. काही हात खाली जाताच पडदा दुखू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे म्हणजे आतील व बाहेरील दाब सारखा होतो. वाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ही युक्ती प्रसिद्ध आहे. परंतु ती दुखू लागण्यापूर्वी, थोड्याथोड्या अंतराने व जोर न लावता करावयाची असते. दुखू लागल्यास किंचित वर यावे व पुन्हा प्रयत्न करावा. धीट मुलगा नेमका येथेच फसतो, कारण त्यास वाटते की वेदना सोसणे म्हणजेच शौर्य. नळकांड्याविषयीही एक समजूत वर्तमानपत्रांतूनही आढळते की त्यात प्राणवायू भरलेला असतो. त्यात आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. निव्वळ प्राणवायू तर सुमारे सहा मीटरांच्या खाली विषासारखा बाधू शकतो.

म्हणजे येथे शिक्षकाचे काम माहिती देण्याचे नाही. जन्मापासूनची सवय बाजूस सारून तिच्या जागी दुसरी सवय रुजविण्याचे आहे. आणि सवय व्याख्यानाने लागत नाही, भीतीने तर मुळीच लागत नाही. ती लागते लहान लहान पायऱ्यांनी.

अध्यापन विद्यालयात आपण सर्वांनी हर्बार्टची पंचपदी घोकली आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सुलभाकडून कठिणाकडे, ही सूत्रेही पाठ केली आहेत. त्यांतील बहुतेक आपण प्रशिक्षणाच्या वहीतच ठेवून येतो. चांगला पाणबुडी-शिक्षक मात्र ती रोज आचरतो, कारण न आचरल्यास त्याचा विद्यार्थी दोन मिनिटांत पाण्यावर येऊन धापा टाकू लागतो. मास्कमध्ये शिरलेले पाणी बाहेर काढण्याचा पाठ उदाहरणादाखल घेऊ. कृती सांगावयास सोपी: मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरावी, दृष्टी किंचित वर करावी व नाकाने सावकाश श्वास सोडावा, हवा वर साचते व पाणी खालच्या कडेने निघून जाते. तथापि ऐनवेळी नाकाशी पाणी लागताच नवशिका गांगरतो, नाकाने श्वास घेतो व ठसकतो. म्हणून जाणता शिक्षक मास्कपासून आरंभच करीत नाही. प्रथम उथळ पाण्यात उभे राहून, मास्कविना, तोंड पाण्यात घालून केवळ तोंडाने श्वास घेण्यास लावतो. नाक उघडे असूनही श्वास चालतो, ही खात्री पटली म्हणजे अर्धे काम झाले. मग मास्कमध्ये चार थेंब, मग अर्धा मास्क, मग पूर्ण भरलेला मास्क, आणि शेवटी मास्क काढून पुन्हा घालणे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून बोटभरच उंच. ज्याचा पाय एका पायरीवर अडखळला, त्यास खालच्या पायरीवर परत नेण्यात शिक्षकास कमीपणा वाटत नाही, म्हणून विद्यार्थ्यासही वाटत नाही.

दुसरी गोष्ट मौनाची. पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो व तो कोणत्या दिशेने आला हे कानास कळत नाही. बोलणे तर अशक्यच. तेव्हा सांगावयाचे ते सर्व पाण्याबाहेर सांगून संपवावे लागते. आज काय करावयाचे, का करावयाचे, खूण कोणती आणि चुकल्यास काय करावयाचे, हे आधी. आणि पाण्यातून बाहेर आल्यावर प्रत्येकाचे काय साधले व काय राहिले, हे नंतर. मधल्या वेळात शिक्षक केवळ करून दाखवितो, तेही नेहमीच्या तिपटीने सावकाश. हाताची प्रत्येक हालचाल वेगळी. घाई नाही, अलंकार नाही. अंगठा वर म्हणजे ‘छान’ असे आपण जमिनीवर समजतो. पाण्यात त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’ यासाठी अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ. हा साधा भेद विद्यार्थ्याच्या हाडीमांसी खिळला नाही, तर खुशीत असलेला मनुष्य आपल्या सोबत्यास वर घेऊन जाईल.

शिक्षकास बोलता येत नाही म्हणून तो अधिक पाहतो, हा या मौनाचा मोठा लाभ. विस्फारलेले डोळे, शिक्षकाच्या बाहीस घट्ट धरलेली मूठ, आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे बुडबुडे. ते संथ व समान अंतराने वर जात असले तर मन शांत आहे. एकामागून एक घाईने निघू लागले तर भीती जवळ आली. आणि थांबले तर श्वास रोखला गेला. विद्यार्थ्याने हाताने ‘ठीक आहे’ अशी खूण केली तरी बुडबुडे खोटे बोलत नाहीत. आमच्या वर्गांतही ‘समजले का?’ या प्रश्नास चाळीस मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात. त्या ‘हो’ पलीकडचे पाहण्याची दृष्टी आपण कमावली आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

आता ज्या मुद्द्यावर या क्षेत्रातील शिक्षकांतच मतभेद आहे, त्याकडे वळतो. पूर्वापार चाल अशी की, नवशिक्यांस तळावर गुडघे टेकवून ओळीने बसवावे व मास्क काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर पुन्हा घेणे, सोबत्याकडून हवा घेणे इत्यादी कृती त्या अवस्थेत करून घ्याव्या. याच्या बाजूने सांगितले जाते की, विद्यार्थी स्थिर राहतो, त्यास आधार वाटतो, व शिक्षकास सर्वांवर एकदम नजर ठेवता येते. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु विचार करा: समुद्रात कोणता पाणबुडा गुडघ्यांवर बसून फिरतो? पाण्यात असण्याची खरी अवस्था म्हणजे अधांतरी, आडवे, ना वर जाणारे ना खाली जाणारे असे समतोल तरंगणे. श्वास घेतला की शरीर किंचित वर जाते, सोडला की किंचित खाली येते. आणि हा परिणाम क्षणभर उशिराने होतो, म्हणून तो समजून घेण्यास सराव लागतो. ही या विद्येची बाराखडी होय. गुडघ्यांवर बसविण्यासाठी मात्र विद्यार्थ्याच्या कमरेस गरजेहून अधिक शिसे बांधावे लागते. मग तो पोहू लागला की पाय खाली लोंबतात, पंखांच्या फटक्याने गाळ उठतो, प्रवाळ मोडते, दम लवकर लागतो व हवा लवकर संपते. एवढेच नव्हे, तर ज्याने मास्क केवळ बसल्या जागी साफ केला, त्याच्या मास्कमध्ये तळापासून दहा मीटर वर असताना पाणी शिरले तर तो गुडघे कोठे टेकणार? आधार नाही म्हणून तो घाबरतो, घाबरून श्वास कोंडतो व वर धाव घेतो. त्याचा परिणाम काय, ते बॉइलने सांगून ठेवलेच आहे.

स्थळाचा व स्मरणाचा संबंध असतो, हे शिक्षकांस नवे नाही. १९७५ साली गॉडन व बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांस काही शब्द जमिनीवर व काही पाण्याखाली पाठ करावयास दिले; जे शब्द जेथे पाठ केले ते तेथेच अधिक आठवले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०२१ साली हाच प्रयोग पुन्हा केला असता तसे फळ दिसले नाही. म्हणून त्यावर सर्व भार टाकणे योग्य नव्हे. परंतु हातापायांच्या कौशल्यास शास्त्रज्ञाची साक्ष कशाला? जे ज्या अवस्थेत वापरावयाचे ते त्याच अवस्थेत शिकावे, ही गोष्ट सायकल शिकविणारा बापही जाणतो. सुदैवाने मोठ्या संस्थांनीही हे ओळखले असून, २०१३ साली पाडीने आपल्या प्राथमिक अभ्यासक्रमाची जी सुधारणा केली तीत समतोल तरंगण्यास पूर्वीपेक्षा पुष्कळच महत्त्व दिले. तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या काही श्वासांपुरता उथळ पाण्यात तळाचा आधार खुशाल द्यावा. त्यानंतर केवळ पंखांची टोके टेकवावी. आणि लवकरात लवकर तोही आधार सोडवावा. चालावयास शिकणाऱ्या मुलाचे बोट धरतात ते सोडण्यासाठीच.

आता काळाचा प्रश्न. नियमित अभ्यासक्रमात साधारणतः पाच सत्रे तलावात अथवा तशाच शांत पाण्यात व चार बुड्या खुल्या समुद्रात असतात. पहिल्या दोन बुड्यांस १२ मीटरांची व पुढे १८ मीटरांची मर्यादा असते. आणि खुल्या पाण्यात एका शिक्षकाकडे आठाहून अधिक नवशिके नसावेत असा दंडक आहे. परंतु आठ ही कमाल मर्यादा होय, ते शिक्षकाचे कर्तव्य नव्हे. पाणी गढूळ असेल, प्रवाह असेल, वा त्यांपैकी एक जण बिचकट असेल, तर चार देखील पुष्कळ. तसेच सत्रे मोजून पुरी झाली म्हणजे शिक्षण पुरे झाले असेही नव्हे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम याने १९६८ साली जो प्रभुत्व-अध्ययनाचा विचार मांडला, त्याचे सार असे की, वेळ सर्वांस सारखा व फळ निरनिराळे असे न करता, फळ सर्वांस सारखे व वेळ ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे असावा. शाळेत आपणास हे साधत नाही. वेळापत्रक आडवे येते, परीक्षा आडवी येते. पस्तीस गुणांचा विद्यार्थी आम्ही वरच्या वर्गात घालतो, आणि त्यास न आलेली पासष्ट गुणांची गणिते त्याच्यामागून मुकाट्याने चालत राहतात. पाण्यात ती मुकाट्याने चालत नाहीत. मास्क साफ करणे एकदा कसेबसे जमले ते जमले नव्हे; शांतपणे, सहजपणे व पुन्हा सांगितल्यास पुन्हा जमले पाहिजे.

यावर आक्षेप असा की, सुटीत आलेल्या प्रवाशापाशी चार दिवस कोठून असणार? त्यास एकदा मासे व प्रवाळ पाहावयाचे आहेत. शिवाय या व्यवसायावर किनाऱ्यावरील कित्येक घरांची चूल पेटते. या आक्षेपात तथ्य आहे व मी त्याची टवाळी करणार नाही. मालवणच्या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या कोळी-गाबीत समाजातील तरुणांस हा नवा रोजगार मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे. समुद्राचे ज्ञान त्यांच्याइतके कोणास असणार? शिक्षकाच्या हातात हात देऊन थोड्या खोलीवर एकदा उतरून येणे हा प्रकार जगभर मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, त्यास दर्शन म्हणावे, शिक्षण म्हणू नये. आणि दर्शनासाठीही तीन गोष्टी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पक्क्या करून घेतल्याखेरीज कोणासही खोल नेऊ नये. श्वास कधीही न रोखणे, कान वेळेवर मोकळे करणे, आणि ‘काहीतरी बिघडले आहे’ व ‘वर चला’ या दोन खुणा. यास अर्धा तास लागतो. अर्ध्या तासाने कोणाची चूल विझत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. तेथील प्रवाळास एका अवजड, गोंधळलेल्या पायाचा धक्का पुरेसा होतो, व मोडलेले प्रवाळ भरून येण्यास वर्षानुवर्षे लागतात. चांगले शिक्षण हे प्रवाळाचेही रक्षण आहे, आणि पर्यायाने त्या चुलीचेही.

आणखी एक गोष्ट मला सर्वांहून महत्त्वाची वाटते. नवशिक्यास ‘नको’ म्हणण्याची मोकळीक हवी. पैसे भरलेले आहेत, मित्र पाहत आहेत, नाव वाट पाहत उभी आहे, अशा वेळी भ्यालेला मुलगा भीती गिळून पाण्यात उडी घेतो. आणि गिळलेली भीती खोल पाण्यात नेमकी वर येते. मी शिकत असता एका मध्यमवयीन गृहस्थांनी तिसऱ्या दिवशी नावेवरूनच ‘आज मला बरे वाटत नाही’ असे सांगितले. आमच्या शिक्षकाने कारण विचारले नाही, समजूत घातली नाही. ‘ठीक, उद्या पाहू’ एवढेच म्हणून त्यांच्या पाठीवरील नळकांडे आपल्या हातांनी उतरविले. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ आम्हा सर्वांत संथपणे उतरले. भीतीचा मान राखला म्हणजे ती आपण होऊन निघून जाते, हे मी त्या दिवशी पाहिले. संकटात काय करावे याचे त्या विद्येतील सूत्रही असेच साधे आहे: थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग कृती करा. परीक्षेच्या दालनात बसणाऱ्या आमच्या मुलांस याहून चांगला उपदेश कोणता करता येईल, हे मला सुचत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांस एक व्यावहारिक सूचना. सुटीत कोठे पाण्यात उतरण्याचा योग आला, तर नावेवर पाय ठेवण्यापूर्वी शिक्षकास तीन प्रश्न अवश्य विचारा. आपणाकडे एका वेळी किती जण असतील? खोल जाण्यापूर्वी उथळ पाण्यात सराव होईल काय? आणि मला मध्येच परत यावेसे वाटल्यास काय होईल? ज्याची उत्तरे शांतपणे व समाधानकारक मिळतील, त्याच्या हाती हात द्यावा. जो हसून ‘काही होत नाही हो’ एवढेच म्हणेल, त्यास नमस्कार करून किनाऱ्यावरूनच समुद्र पाहावा. किनाऱ्यावरूनही तो सुंदरच दिसतो. आणि सहशिक्षकांस एवढीच विनंती की, हेच तीन प्रश्न उद्या आपल्या वर्गातील एखाद्या मुलाने आपणास विचारले, तर त्यास काय उत्तर द्यावयाचे, याचाही सवडीने विचार करून ठेवावा.